बॉडीपॅकचा आवाज तुटतोय? हवेला दोष देण्याआधी कमरेकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा: नवीन वायरलेस सेट घेतलाय, दोन बॉडीपॅक (कमरेला लावायचे, आवाज हवेतून पाठवणारे छोटे डबे), दोन रिसीव्हर (तो आवाज पकडून मिक्सरला देणारे), सोबत एक कॉलर माईक, एक हेडसेट आणि गिटारची केबल. कॉलर माईकवर हिस (मागे सतत येणारा स्स्स आवाज) जास्त आणि आवाज कमी, गिटार लावली की आवाज फाटतो, आणि कार्यक्रम रंगात आला की मधूनच आवाज तुटतो. घरी टेस्ट केलं तेव्हा सगळं नीट होतं. फ्रिक्वेन्सी तीनदा बदलून बघितली, काही फरक नाही. आता काय करू?

तीनदा फ्रिक्वेन्सी बदलूनही फरक पडला नाही ना, मग अर्धं उत्तर तिथेच आहे. फरक पडला नाही कारण तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन रेडिओच्या नाहीतच. हिस आणि फाटणं हे आवाज हवेत जायच्या आधीच झालेलं असतं, माईकच्या टोकापासून पॅकच्या आतल्या पहिल्या अँपपर्यंतच्या दीड-दोन हात वायरमध्ये. तिसरी तक्रार, तुटण्याची, ती रेडिओची असू शकते, पण तिथेही माझा पहिला संशय कमरेवर लटकलेल्या पॅकवर आणि त्याच्या अँटेनावर. वायरलेस म्हटलं की सगळ्यांना आधी हवाच दिसते, आणि मग रिसीव्हरची बटणं दाबत बसतात. मी इतकी वर्षं हे पॅक लोकांच्या कमरेला बांधतोय, माझा क्रम उलटा असतो: आधी कनेक्टर, मग गेन (आत येणारा आवाज पॅक किती वाढवून घेतो ते), मग सेल, मग अंगावर कसं बसलंय ते, आणि सगळ्यात शेवटी फ्रिक्वेन्सी.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट शिकून घ्या, सगळं डायग्नोसिस हिच्यावर चालतं. रिसीव्हरवर दोन वेगवेगळ्या पट्ट्या दिसतात, एक आरएफची, म्हणजे रेडिओ सिग्नलची, आणि एक ऑडिओची, म्हणजे आवाजाची. आवाज तुटला त्या क्षणी आरएफची पट्टी खाली कोसळली असेल तर गडबड हवेत किंवा अँटेनाच्या बाजूला आहे. आरएफ फुल आहे आणि तरी आवाज खरखरतोय, जातोय, परत येतोय, तर रेडिओ आपलं काम चोख करतोय, तो बिचारा तुमची तुटलेली वायर अगदी स्वच्छ ऐकवतोय. अशा वेळी पॅक टेबलावर ठेवा, कनेक्टरपाशी वायर बोटात धरून हलकेच हलवा, मग माईकच्या मुळाशी हलवा. बहुतेक वेळा खरखर तिथेच सापडते. तुम्ही लिहिलंय आवाज तुटतो, पण तेव्हा कुठली पट्टी पडली ते लिहिलं नाही, म्हणून मला दोन्ही बाजूंनी सांगावं लागणार.

आता कनेक्टर. प्लग बसला म्हणजे जुळला असं अजिबात नाही हो. शुअरच्या पॅकवर चार पिनांचा मिनी एक्सएलआर (छोटा गोल कनेक्टर) असतो, त्यात १ नंबर ग्राउंड, २ नंबरवर ५ व्होल्टचा बायस (पॅककडून माईकला मिळणारी वीज) आणि ३ नंबरवर आवाज. एकेजीचा मिनी एक्सएलआर तीन पिनांचा. सेनहायझरच्या इव्होल्यूशन सेटला आटे असलेली ३.५ एमएमची पिन, तिच्यात टोकाला माईक आणि मधल्या रिंगला लाईन, म्हणजे माईकपेक्षा जोरदार सिग्नल. आता गंमत अशी की तसाच दिसणारा, तसाच खट्टकन बसणारा कनेक्टर दुसरी कंपनीपण वापरते आणि आतल्या वायरी मात्र वेगळ्या. मी स्वतः एकदा एका कार्यक्रमात बाहेरून आणलेला हेडसेट लावला, मस्त बसला, लॉकपण झाला, आणि आवाज आला तो असा की माणूस शेजारच्या खोलीत तोंडावर उशी धरून बोलतोय. मी गेन वाढवत राहिलो, मिक्सरवाला गेन वाढवत राहिला, मग शिट्टी सुरू झाली. त्या माईकला बायस पोचतच नव्हता, दोन पिना अदलाबदल होत्या, एवढंच.

बायस म्हणजे काय ते दोन ओळीत सांगतो कारण पुढे लागेल. कॉलर माईक आणि बहुतेक हेडसेट हे इलेक्ट्रेट कंडेन्सर असतात, त्यांच्या आत एक चिमुकला अँप असतो आणि तो चालायला पॅककडून थोडेसे व्होल्ट लागतात. हे मिक्सरचं ४८ व्होल्टचं फँटम (मिक्सर माईकला पाठवतो ती वीज) नव्हे. त्यामुळे फँटमवर चालणारा वाद्याचा क्लिप माईक नुसता कनेक्टर बदलून बॉडीपॅकला जोडला तर चालेलच असं नाही, त्याच कंपनीचा त्या पॅकसाठी बनवलेला अडॅप्टर घ्यावा लागतो. आणि उलट बाजूने, गिटारला बायस नकोच असतो. म्हणून गिटारची केबल ती बायसची पिन सोडून देते. घरी सोल्डर करून बनवलेली केबल, किंवा ‘सगळ्याला चालते’ म्हणून घेतलेली केबल, हिच्यात नेमकी हीच चूक असते. तुमची गिटार फाटतेय ना, तर सेटसोबत आलेलीच केबल वापरताय का हे आधी बघा. तीच असेल तर पुढचा परिच्छेद तुमच्यासाठी.

गेन. या सगळ्या उत्तरात एकच गोष्ट नीट वाचणार असाल तर ही वाचा. कॉलर माईक छातीवर असतो, बोलणारा माणूस हळू बोलतो, त्यामुळे तिथून येणारा सिग्नल अगदी कमी. गिटारचा हंबकर (जोरदार सिग्नल देणारा दुहेरी पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग) जोरात वाजवला तर सिग्नल त्याच्या कैक पट. अॅक्टिव्ह बास (आत सेलवर चालणारा अँप असलेला) तर त्याहून तगडा. आणि तुम्ही काय केलंय, माझा अंदाज सांगतो, एकच पॅक आलटून पालटून दोघांना लावलाय आणि पॅकवरचं सेटिंग कंपनीतून आलं तसंच आहे. मग कॉलर माईकला ते कमी पडतं, हिस ऐकू येतो, आणि गिटारला ते जास्त होतं, फाटतं. एकाच सेटिंगमुळे तुमच्या दोन्ही तक्रारी, बघा.

हे सेटिंग कुठे असतं ते सेटवर आहे. काही पॅकमध्ये सेलचं झाकण उघडलं की आत किंवा बाजूला बारीक स्क्रूसारखा गेन असतो, छोट्या पेचकसाने फिरवायचा, नखाने नाही. काहींवर नुसता माईक आणि लाईनचा सरकता स्विच. सेनहायझरच्या ईडब्ल्यू जी३, जी४ मध्ये मेन्यूत सेन्सिटिव्हिटी आहे, ० पासून उणे ६० डीबीपर्यंत (डीबी म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप), ३-३ डीबीच्या पायऱ्यांनी, आणि इथे लोक हमखास गोंधळतात कारण उणे ६० कडे जाल तसा पॅक बहिरा होत जातो आणि शून्याकडे याल तसे कान तीक्ष्ण. काही नव्या डिजिटल सेटमध्ये पॅकवर गेन नसतोच, इनपुटची रेंजच इतकी मोठी असते की सगळं रिसीव्हरवरून करायचं, तुमचा तसा असेल तर पॅकवर शोधत बसू नका.

करायचं कसं ते सांगतो. माणसाला माईक लावा, जिथे कार्यक्रमात असणार तिथेच लावा, हातात धरून नाही. मग त्याला म्हणा कार्यक्रमातलं सगळ्यात जोरातलं वाक्य बोल. ‘हॅलो हॅलो चेक वन टू’ नको, कारण चेक करताना माणूस लाजून हळू बोलतो आणि स्टेजवर गेला की दुप्पट आवाजात सुरू होतो. तो जोरात बोलत असताना रिसीव्हरची ऑडिओची पट्टी बघा. पीकचा, म्हणजे आवाज मर्यादेबाहेर गेल्याचा, लाल दिवा पेटेपर्यंत पॅकचा गेन वाढवा, मग दोन पायऱ्या मागे या. झालं. गिटारला तेच, पण गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा, सगळ्यात गरम पिकअपवर ठेवा, सहाही तारा दणकून वाजवा, आणि लाल दिवा लागत असेल तर कमी करत या. हलक्या हाताने वाजवून गेन लावला तर तिसऱ्या गाण्याला वादकाच्या अंगात येतं आणि तुमचा सगळा हिशोब चुकतो.

‘मिक्सरवर वाढवलं तर नाही का चालत’ असं विचाराल, सगळेच विचारतात. नाही चालत, आणि कारण समजून घ्या. अॅनालॉग सेटमध्ये पॅक आवाज हवेत सोडण्याआधी तो दाबतो, म्हणजे मोठे आणि छोटे आवाज जवळ आणतो, आणि रिसीव्हर त्याच प्रमाणात परत उलगडतो. याला कंपँडर म्हणतात. सिग्नल व्यवस्थित वर असेल तर रेडिओचा हिस त्याच्याखाली लपतो. सिग्नल आधीच मरतुकडा गेला तर तो हिसच्या शेजारीच बसलेला असतो आणि नंतर मिक्सरवर तुम्ही जे वाढवता ते दोघांनाही सारखंच वाढवता. पॅकमध्ये फाटलेला आवाज मिक्सरवर कमी केला तर काय होईल, हळू आवाजात फाटलेला ऐकू येईल.

त्यानंतर रिसीव्हरच्या पाठीमागचं आऊटपुट. तिथे माईक की लाईन असा स्विच किंवा मेन्यूत लेव्हल असते. लाईन लेव्हल काढून मिक्सरच्या माईक इनपुटात घातली तर पुन्हा आवाज फाटणार, आणि तुम्ही पॅकला शिव्या देणार. गिटारसाठी याची सोपी परीक्षा आहे: आधी नेहमीच्या केबलने गिटार थेट अँपला लावून वाजवा, अँपला हात न लावता मग वायरलेसने वाजवा, दोन्ही सारखंच जोरात येईल तिथे रिसीव्हरचं आऊटपुट ठेवा. पेडल असतील तर रिसीव्हर पहिल्या पेडलच्या आधी.

आणि वायरलेसने गिटार जरा जास्तच टोकदार वाटली तर घाबरू नका, पॅक बिघडलेला नाही. लांब केबलला स्वतःची कपॅसिटन्स असते, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा, ती वरचे सूर थोडे खाते आणि तुमच्या कानाला वर्षानुवर्षं त्याचीच सवय असते. वायरलेसमध्ये ती केबल मधून गेली. काही सेटमध्ये केबलच्या लांबीची नक्कल करणारं सेटिंगच असतं, नसेल तर अँपवरचा ट्रेबल जरासा खाली. डिजिटल सेटच्या उशिराबद्दल वादक लोक फार बोलतात. उशीर ३ मिलिसेकंद असेल तर तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम एक मीटर जातो, म्हणजे अँपपासून एक पाऊल मागे उभं राहिल्यासारखं. मला तरी तो कधी जाणवला नाही.

सेल. इथे थोडक्यात आटोपतो पण आगाऊपणा करू नका. अल्कलाईन सेल १.५ व्होल्टचा, चार्ज होणारा निकेल मेटल हायड्राइडचा १.२ व्होल्टचा. पॅकच्या मेन्यूत सेलचा प्रकार विचारला असेल तर खरा सांगा, नाहीतर चार्जवाला सेल पूर्ण भरलेला असतानाही पट्टी अर्धी दाखवणार, किंवा पट्टी बराच वेळ तशीच दिसत राहणार आणि मग एकदम बंद. लिथियमचे एए सेल शेवटपर्यंत एकसारखे व्होल्ट देतात आणि मग सांगता न सवरता झोपतात, त्यांच्या पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही, तासांचा हिशोब ठेवायचा. एक जुना एक नवा असं मिसळू नका. माझा नियम एकच, प्रत्येक कार्यक्रमाला नवे किंवा त्याच दिवशी चार्ज केलेले सेल, आणि मध्यंतर असेल तर मध्यंतरात बदल, पट्टी काहीही म्हणो. जे काढले ते रिमोटला आणि घड्याळाला कामी येतात. आणि घरी आल्यावर पॅकमधून सेल काढून ठेवा, आत गळले तर स्प्रिंग हिरवी पडते आणि मग सगळं हालचालीबरोबर बंद चालू व्हायला लागतं.

आता अंगावर. तुमची ‘घरी नीट चालत होतं’ ही ओळ इथे येते. घरी पॅक टेबलावर होता, रिसीव्हर समोर होता. कार्यक्रमात पॅक माणसाच्या अंगाला चिकटला, आणि माणूस म्हणजे रेडिओच्या दृष्टीने पाण्याची चालती टाकी. यूएचएफच्या (वायरलेस माईकच्या नेहमीच्या रेडिओ पट्ट्याच्या) लहरी पाणी शोषून घेतं. पॅक कमरेच्या मागे आणि रिसीव्हर प्रेक्षकांच्या बाजूला असेल, तर तो माणूस प्रेक्षकांकडे तोंड करून बोलताना सिग्नल त्याच्या पोटातून जायचा प्रयत्न करतोय. म्हणून आधी बघा की रिसीव्हर कुठे आहे आणि माणूस जास्त वेळ कुठे बघणार आहे, पॅक त्या हिशोबाने. स्टेजच्या बाजूला रिसीव्हर असेल तर पॅक त्या बाजूच्या नितंबाच्या हाडाच्या थोडा मागे, पट्ट्यावर. पट्टा नसलेला कपडा असेल तर इलास्टिकचा पाऊच, कमरेला किंवा मांडीला, पण अँटेना कपड्याच्या आत त्वचेला चिकटून बसणार नाही असा.

अँटेनाचं पण ऐका. ती लोंबणारी बारीक वायर शोभेची नाही, तिची लांबी मोजून ठेवलेली असते. ६०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ५० सेंटीमीटर, तिचा पाव भाग साडेबारा सेंटीमीटर, म्हणून ती साधारण तेवढी दिसते. ती गुंडाळली, टेप लावून पॅकवरच चिकटवली, खिशात दुमडून कोंबली की तिचं गणित बिघडलं. घामाने ओल्या त्वचेला टेकली तरी तेच. आणि अजून एक गोष्ट जी फार कमी जण सांगतात, माईकची वायरसुद्धा अँटेनाच्या दुसऱ्या अर्ध्यासारखं काम करते, त्यामुळे उरलेली माईकची वायर गोल करून अँटेनाभोवती गुंडाळू नका. अँटेना एका दिशेला, वायर दुसऱ्या.

याचा एक प्रसंग सांगतो, दोन दिवस माझं डोकं खाल्लं होतं त्याने. चर्चेचा कार्यक्रम, चार खुर्च्या, चार कॉलर माईक. तीन जण मस्त, चौथे गृहस्थ मध्येच गायब व्हायचे. मी त्यांची फ्रिक्वेन्सी बदलली, पॅक बदलला, रिसीव्हर बदलला, शेजारच्या एलईडी पडद्यावर संशय घेतला, पडदेवाल्याशी भांडलो. दुसऱ्या दिवशी मिक्सर सोडून नुसतं त्यांच्याकडे बघत बसलो तेव्हा कळलं, गृहस्थ दुसऱ्याचं ऐकताना पुढे वाकायचे आणि स्वतः बोलायची वेळ आली की ऐटीत मागे टेकायचे. पॅक मागच्या खिशात, अँटेना वर दुमडलेली, पाठ आणि खुर्चीची धातूची पट्टी यांच्यामध्ये चेपलेली. पॅक बाजूला सरकवला, त्यानंतर शेवटपर्यंत एकदाही तुटला नाही. बरं, त्याच खिशात त्यांचा मोबाईलपण होता, तोही काढायला लावला, कारण फोन पॅकला चिकटून असला की कधी कधी ती टर्रर्र टर्रर्र ऐकू येते ती त्याचीच.

कॉलर माईक लावताना हनुवटीखाली एक वीतभर, छातीच्या मध्यावर. फार वर गळ्याशी लावला की हनुवटीच्या सावलीत जातो, आवाज घुसमटतो, आणि एका बाजूच्या कॉलरला लावला की मान वळवली की आवाज कमी जास्त. तोंडापासून अंतर निम्मं केलं तर साधारण ६ डीबी जास्त मिळतात, फुकटात, म्हणून हिसची तक्रार असेल तर गेनच्या आधी माईक पोटावरून वर आणा. क्लिपच्या मागे वायरचा छोटा फासा करून तो क्लिपमध्येच अडकवा, म्हणजे ओढ बसली तर फाशाला बसते, माईकच्या मुळाला नाही. ओढणी, माळ, ओळखपत्राची दोरी, काय काय त्यावर घासतं ते आरशासमोर नाही कळत, माणसाला चालायला लावा आणि हेडफोनवर ऐका.

हेडसेटला माईकचं टोक ओठांच्या कोपऱ्यापाशी, गालापासून बोटभर दूर, तोंडाच्या समोर आणू नका, ‘प’ आणि ‘फ’ स्फोटासारखे येतील. कार्डिऑइड (मुख्यतः एकाच बाजूने ऐकणारा माईक) असेल तर त्याचं तोंड ओठांकडे आहे ना बघा, कारण तो गोल फिरलेला असतो आणि फोममुळे कळत नाही. नाचणारे, घामाघूम होणारे कलाकार असतील तर घाम वायरवरून वाहत थेट कॅप्सूलमध्ये, म्हणजे माईकच्या आवाज टिपणाऱ्या टोकात, जातो, म्हणून वायरला कानामागे टेप आणि पॅकला आवरण. नाटकवाले पॅकवर लुब्रिकेंट नसलेला कंडोम चढवतात, हसू नका, त्याच्याइतकं पातळ आणि घट्ट वॉटरप्रूफ दुसरं काही मिळत नाही.

सगळं बसलं की पॅक लॉक करा. म्यूट आणि पॉवर दोन्ही. बसता उठता बटण दाबलं जातं आणि मग सगळे रेडिओच्या नावाने खडे फोडतात. आणि पॅक चालू असताना गिटारची पिन काढू नका, धाडकन आवाज येतो, आधी मिक्सरवर चॅनल बंद मग पिन.

आता कुठे फ्रिक्वेन्सी. आधी दोन्ही पॅक बंद करा. हॉलमधलं बाकी सगळं मात्र चालू पाहिजे, एलईडी पडदे, लाईट, बाकीच्यांचे वायरलेस, सगळं, कारण रिकाम्या शांत हॉलमध्ये दुपारी केलेला स्कॅन संध्याकाळी काही कामाचा नाही. मग एका रिसीव्हरवर स्कॅन करा, म्हणजे त्याला मोकळ्या फ्रिक्वेन्सी शोधू द्या, तो जो ग्रुप (एकत्र चालतील असे निवडून दिलेले चॅनल) मोकळा सांगेल तो घ्या, आणि दुसरा रिसीव्हर त्याच ग्रुपमधल्या दुसऱ्या चॅनलवर ठेवा. मनाने गोल गोल आकडे निवडू नका. कारण दोन ट्रान्समीटर जवळ आले की ते आपसात नवीन फ्रिक्वेन्सी जन्माला घालतात. ५०० आणि ५०१ मेगाहर्ट्झ वापरले तर पहिल्याची दुप्पट वजा दुसरा, म्हणजे ४९९, आणि उलट बाजूने ५०२, या दोन ठिकाणी भुतं उभी राहतात. तिसरा माईक तुम्ही सरळ हिशोबाने ५०२ वर लावला की तो त्या भुताच्या मानगुटीवरच बसला. ग्रुपमधले चॅनल वेडेवाकडे अंतर ठेवून दिलेले असतात ते याचसाठी. दोन पॅकला हे फारसं जाणवत नाही, उद्या सहा झाले की जाणवेल.

सिंक करताना, म्हणजे रिसीव्हरची फ्रिक्वेन्सी पॅकला देताना, एका वेळी एकच पॅक उघडा, त्याची इन्फ्रारेडची छोटी काळी खिडकी रिसीव्हरच्या खिडकीसमोर वीतभर अंतरावर धरा, कडक उन्हात होत नसेल तर हाताने सावली करा. दोन्ही पॅक चुकून एकाच फ्रिक्वेन्सीवर गेले तर एक रिसीव्हर दोघांचं एकत्र देत नाही, नुसता गोंधळ देतो. सिंक झाल्यावर एक तपासणी जरूर करा, दोन्ही चालू करा, मग पहिला बंद करा आणि पहिल्याच्या रिसीव्हरची आरएफ पट्टी बघा. पॅक बंद असताना तिथे पट्टी उभी असेल तर तुमचा दुसरा पॅक किंवा बाहेरचं कुणीतरी त्या जागेत आहे, ती फ्रिक्वेन्सी सोडा. नंतर तेच दुसऱ्यासाठी.

पॉवर कमी जास्त करता येत असेल तर दोन पॅकच्या छोट्या स्टेजला १० मिलीवॉट भरपूर. सगळ्यांना वाटतं ५० केलं की तुटणार नाही, पण जास्त पॉवरने ती वरची भुतं पण जास्त धष्टपुष्ट होतात आणि सेल लवकर संपतात. त्यापेक्षा रिसीव्हर हलवा. तो रॅकच्या तळाला धातूच्या पेटीत कोंबून ठेवू नका, प्रेक्षकांच्या डोक्याच्या वर येईल असा ठेवा, दोन्ही अँटेना व्ही आकारात ४५ अंशात, एकमेकींना आणि धातूला न टेकता. पॅकवाला माणूस दिसतोय का ते अँटेनाच्या जागेवरून बघायचं, दिसत असेल तर चालेल. पण रिसीव्हर त्या माणसापासून अगदी तीन-चार पावलांवर पण नको.

तुमचा सेट २.४ गिगाहर्ट्झचा असेल, मॉडेल लिहिलं नाहीत म्हणून विचारतो, तर गोष्ट जरा वेगळी. तिथे वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही त्याच पट्ट्यात असतात, आणि प्रेक्षक आत आले की शेकडो फोन आत येतात, म्हणून रिकाम्या जागी चांगलं आणि गर्दीत वाईट हे त्या सेटचं ठरलेलं लक्षण. रिसीव्हर स्टेजच्या जवळ आणा आणि वाय-फायच्या राऊटरपासून लांब, एवढाच खरा उपाय. यूएचएफ असेल तर तुमच्या देशात कुठला पट्टा चालतो ते बघूनच वापरा, दुसऱ्या देशातून आणलेला सेट चालतो म्हणजे तो इथे परवानगीचा असतो असं नाही. आणि पट्टे बदलतातही, अमेरिकेत १३ जुलै २०२० नंतर ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग वायरलेस माईकसाठी बंद झाला आणि चांगले चालणारे सेट लोकांना बाजूला ठेवावे लागले.

तर तुम्ही आता एवढं करा. गिटारचा पॅक आणि कॉलर माईकचा पॅक कायमचे वेगळे ठेवा, पाठीवर रंगीत टेप लावा, आणि दोघांचा गेन वर सांगितला तसा वेगवेगळा लावा. मग पॅक अंगावर घालून पूर्ण स्टेज फिरा, रिसीव्हरकडे पाठ करून पण फिरा, खुर्चीत बसा, मागे टेका, आणि कुणालातरी रिसीव्हरसमोर बसवून जिथे पट्टी पडेल तिथे हात वर करायला सांगा. हे करून झाल्यावरही तुटत असेल तर परत लिहा, पण लिहिताना सेटचं मॉडेल, आणि तुटलं तेव्हा आरएफची पट्टी पडली की ऑडिओची, हे दोन्ही सांगा, नाहीतर मी परत कनेक्टरपासूनच सुरू करेन.